वाढीव लाकडी खोलीत प्लास्टिक आतून लावायचं की बाहेरून?

लातूर-धाराशिवकडं जुन्या दगडी घराला लागून खोली वाढवायची म्हटलं की दगडमाती आता कुणी धरत नाही. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं काय करतं ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानं दाखवलंय. म्हणून लाकडी सांगाडा, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), बाहेरून सिमेंट बोर्ड, आतून जिप्सम बोर्ड असा हिशेब असेल तर तो चांगलाच आहे. घोळ होतो तो व्हेपर बॅरिअरचा, म्हणजे वाफ अडवणाऱ्या प्लास्टिकच्या थराचा. व्हिडिओ असतात थंड मुलखातले. तिथं प्लास्टिक आतल्या बाजूला, जिप्समच्या मागं लावतात. आपला सुतारही ते बघून तसंच ठोकतो, आणि मग पावसाळ्यात एसी चालू असताना जिप्सममागं बुरशी धरते.

वाफ जिकडं जास्त तिकडून जिकडं कमी तिकडं जाते आणि वाटेत थंड पृष्ठभाग भेटला की तिथं पाणी होऊन बसते. बर्फाच्या देशात हिवाळ्यात वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तिला आतच अडवतात. आपल्याकडं ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर त्या हवेतलं पाणी २६ अंशाच्या आसपास सुटायला लागतं. आत एसी २३ वर असेल तर जिप्सममागचं प्लास्टिक २४-२५ अंशांवर असतं. म्हणजे त्याच्या मागच्या अंगाला थेंब जमणार, ओघळून खालच्या आडव्या पट्टीत मुरणार, आणि प्लास्टिकमुळं खोलीकडं वाळायलाही वाट नाही. हिवाळ्याची भीती तुलनेनं किरकोळ. परभणीत पहाटे १० अंश झाले, तरी आत २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर पाणी ११ अंशाला सुटतं. पहाटेचे काही तास, आणि उन्हं आली की सगळं वाळून जातं.

म्हणून एसीच्या खोलीत वाफ अडवणारा थर रॉकवूलच्या बाहेरच्या अंगाला लावायचा आणि आतली बाजू मोकळी ठेवायची. मोकळी म्हणजे साधं डिस्टेंपर. ऑइल पेंट किंवा व्हिनाइल वॉलपेपर लावला की तुम्ही आतून प्लास्टिकच लावलं, फक्त पैसे जास्त देऊन. एसी नसेल, नुसता कूलर असेल, तर भिंतीत बॅरिअर लागतच नाही. बाहेरून पाऊस अडवून वाफ सोडणारं ब्रीदर मेंब्रेन पुरतं. मेमध्ये भिंत तापलेली असते, त्यामुळं कूलरची वाफ तिच्यात पाणी होत नाही. कूलरसमोरची खिडकी मात्र उघडी पाहिजे, नाहीतर दारं फुगतात.

१० बाय १२ ची खोली, १२ फुटांची बाजू जुन्या घराला लागून, उंची ९ फूट असं धरू. नव्या भिंती ३२ फूट, म्हणजे २८८ चौरस फूट. जोडासाठी १५ टक्के धरून वाफ अडवणारी ३३० चौरस फूट शीट आणा, दारंखिडक्या वजा करू नका. दीड मीटर रुंदीचा रोल असेल तर दोन पट्टे बसतात. वर, खाली, मधला जोड, जुन्या भिंतीचे दोन कोपरे आणि चौकटी मिळून ४५ मीटरच्या आसपास ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लागते. खालचा पट्टा आधी, वरचा त्याच्यावर ६ इंच चढवून. उलटं केलं तर पावसाचं पाणी जोडातून आत जातं. शीटवर २० मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर सिमेंट बोर्ड. ही पोकळी खाली-वर उघडी ठेवून जाळी मारायची. शीट उन्हात उघडी टाकून सुतार दुसऱ्या साइटवर जाऊ देऊ नका, आपलं ऊन प्लास्टिकला कडक करून फोडतं.

शीटमधून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा भोकांतून हवेबरोबर येणारी वाफ कितीतरी जास्त असते. एसीचा पाइप, वायरिंगचे कंड्यूट जिथं शीट भेदतात तिथं टेप किंवा सीलंट पाहिजेच. एसीच्या भोकाला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

सांगाड्याचं लाकूड झाकायच्या आधी ओलावा मोजायचं मीटर लावून बघा. १५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं. २० च्या पुढं ते तसंच राहिलं तर बुरशीला आमंत्रणच. जानेवारी ते मे हा काळ यासाठी उत्तम.

जुन्या भिंतीला लाकूड थेट चिकटवायचं नाही. दगडमातीची भिंत ओल ओढते, शिवाय दोन्ही बांधकामं वेगवेगळी हलतात. इंचभर फट ठेवून ती फोमची दोरी आणि सीलंटनं बंद करा. मातीच्या गिलाव्यावर टेप धरत नाही, म्हणून भिंतीत इंचभर खाच पाडून ॲल्युमिनियमची पट्टी बसवा आणि शीट त्या पट्टीला चिकटवा. भिंत ओल ओढते का, हे आधी बघायचं असेल तर १८ इंची चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेप मारून एक रात्र आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव आलं तर ओल भिंतीतली.

खालची बाजू काळ्या मातीची असेल तर तिच्यावर फरशी टाकणं म्हणजे उकरणं पुन्हा आलंच. माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरात ठोकून भरा. मग वाळवीचं औषध: इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी, लिटरमागं २.१ मिली, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. हातमोजे आणि मास्क घालूनच फवारा. विहीर, बोअर जवळ असेल तर माहीतगार माणसाला विचारूनच हात घाला. औषध मुरल्यावर २ इंच वाळू, तिच्यावर १००० गेजचं म्हणजे २५० मायक्रॉनचं पॉलिथिन, मग पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट). औषध प्लास्टिकच्या वर टाकलं तर मातीपर्यंत पोचतच नाही.

पॉलिथिन चारही बाजूंनी फूटभर वर वळवून जोत्याच्या डीपीसीपर्यंत (ओल अडवणाऱ्या थरापर्यंत) न्यायचं. जोडासकट १९० चौरस फूट लागतं. दुकानात ते किलोवर मिळतं आणि १००० म्हणून ६०० गेज गळ्यात मारतात. एक चौरस मीटर कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, २३० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. या खोलीला सगळं मिळून चार किलो. ओतकामाच्या वेळी गवंडी घमेलं घेऊन त्याच्यावर चालणार, म्हणून फळ्या टाकायच्या आणि फाटलेल्या जागी तेव्हाच ठिगळ लावायचं.

छपराला पत्रा असेल तर हिवाळ्यात रात्री तो आकाशाकडं उष्णता फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि खालून ठिबकतो. त्यासाठी फॉइल शीट रॉकवूलच्या वर, पत्र्यापासून किमान इंचभर खाली, उताराच्या दिशेनं कौलांसारखी एकावर एक चढवून लावायची. ठिबकलेलं पाणी तिच्यावरून वळचणीबाहेर जातं. ही फट वळचणीला आणि वर मगरीला (छपराच्या शेंड्याला) उघडीच हवी. फॉइलच्या एकाही बाजूला हवेची फट नसेल तर ते उन्हाळ्यात काहीच कामाचं नाही, कारण त्याचा सगळा उपयोग हवेच्या फटीमुळं असतो.