खालच्या कवळीला दोन खुंट्या

कवळीची खरी कटकट खालच्या जबड्यात असते. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती वर धरून राहते. खालची मात्र नालेच्या आकाराच्या अरुंद पट्टीवर कशीबशी टेकलेली; आतून जीभ, बाहेरून गाल आणि ओठ तिला उचलायला टपलेले. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं, आणि खालच्या जबड्यात ते जास्त झिजतं. इम्प्लांट, म्हणजे कवळी अडकवायला हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्या, वर घ्यायच्या की खाली हा प्रश्न असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी खाली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2002 साली जमलेल्या तज्ज्ञांचंही हेच मत पडलं होतं, की खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा.

ते दोन साधारण सुळ्यांच्या जागी बसवतात. तिथलं हाड सहसा टिकून असतं, आणि ओठ-हनुवटीकडे जाणारी नस त्याच्या मागे, उपदाढांजवळ बाहेर पडते. हाड आणि टायटॅनियम एकजीव व्हायला खाली दोन-तीन महिने लागतात. वरचं हाड भुसभुशीत, त्यामुळे तिथे जास्त वेळ आणि किमान चार इम्प्लांट धरून चालावं. मात्र मग टाळूचा भाग कापून टाकता येतो. कवळी घातली की उमळून येतं अशांसाठी ही फार मोठी सुटका आहे.

कवळी अडकवायला दोन मुख्य तऱ्हा. एक लोकेटर: इम्प्लांटवर बुटकं बटण, कवळीत धातूची टोपी, टोपीत नायलॉनची चकती. निळी चकती सैल, गुलाबी मध्यम, पारदर्शक घट्ट. सगळ्यांना घट्टच हवी असते. पण बोटं आखडलेल्या माणसाला ती कवळी रात्री निघत नाही, म्हणून निळीपासून सुरुवात केलेली बरी. दुसरी तऱ्हा बारची, म्हणजे इम्प्लांट जोडणारी धातूची पट्टी. इम्प्लांट एकमेकांना समांतर नसतील तर ती सोयीची, पण तिला उंची लागते. हिरडीपासून दाताच्या कडेपर्यंत 12 मिलिमीटरच्या आसपास जागा नसेल तर वरचं अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) पातळ राहतं आणि कवळी नेमकी तिथेच तडकते. ही जागा इम्प्लांट घालण्याआधी मोजायची असते, नंतर नाही.

टोप्या बऱ्याचदा तोंडातच कवळीत पक्क्या केल्या जातात. बटणाभोवती पांढरी रबरी चकती घालायची, मग टोपी, मग कवळीच्या खळग्यात थोडंसं अ‍ॅक्रिलिक. ती चकती विसरली की अ‍ॅक्रिलिक बटणाच्या खाचेत शिरून कडक होतं आणि कवळी जागच्या जागी अडकते. मग ती कापूनच काढावी लागते.

एक गोष्ट पेशंटला क्वचितच नीट सांगितली जाते: दोन इम्प्लांट असले तरी कवळीची मागची बाजू हिरडीवरच टेकलेली असते. तिथलं हाड झिजतच राहतं. मग कवळी डुलते, खाली दाणे शिरतात, चकत्या लवकर झिजतात. तपासणं सोपं आहे. दोन्ही दाढांवर बोटांनी दाबा. पुढचा भाग उचलला गेला तर नवी चकती घालून उपयोग नाही, आतून नवा थर देऊन कवळी पुन्हा बसवून घ्यावी लागते. कवळी न डुलता पकड सैल झाली असेल, तरच दोष चकतीचा.

चार-सहा इम्प्लांटवर स्क्रूने घट्ट बसवलेले, न निघणारे दात ऐकायला छान वाटतात. चावायला ते सरसच. पण त्यांच्याखालची सफाई रोज पेशंटलाच करायची असते आणि हात थरथरत असेल तर ती होत नाही. शिवाय हाड फार गेलं असेल तर ओठ आत बसतो. काढघालीच्या कवळीची गुलाबी कड तिथे ओठाला भर देते. तंबाखू सुटत नसेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर आधी ते हाताळायचं. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगायचं.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकते. बटणं मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत घासावीत. आणि कवळी चावून बसवू नये, दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबून बसवावी. वाकडी चावली की चकतीची कड कापली जाते.