रंगानं जुळवलेली भावकी

अमेरिकेतल्या एका पक्षीसंग्रहात मी जतन केलेल्या नमुन्यांची देखभाल करते. अमॅझिलिया या हमिंगबर्डच्या वंशाचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, खण नव्यानं लावायचं काम माझ्याकडे आलं, त्यातला एक दिवस डोक्यातून जात नाही.

2014 मध्ये जिमी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी 284 जातींच्या डीएनएवरून हमिंगबर्डची वंशावळ मांडली. अमॅझिलिया म्हणून एकत्र ठेवलेले पक्षी एका पूर्वजाचे नाहीतच, हे त्यात उघड झालं. 2017 मध्ये गॅरी स्टाइल्स, व्हॅन रेम्सन आणि मॅकग्वायर यांनी वंशांची फेरमांडणी सुचवली.

त्या दिवशी हातात त्यातल्याच बूकार्डी या जातीचा पक्षी होता. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खारफुटीखेरीज तो कुठेच सापडत नाही, आणि तिथली खारफुटी मिठागरांसाठी, कोळंबीच्या तळ्यांसाठी तुटत आली आहे. डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला बांधलेलं लेबल, त्यावरची शाई तपकिरी पडलेली. दिव्याखाली धरला तर गळा काळपट, जरासा कलता केला की निळा-हिरवा पेटतो. हा रंग रंगद्रव्याचा नव्हे. पिसातल्या मेलॅनिनच्या चपट्या, पोटात हवा असलेल्या कणांचे थर प्रकाश परतवतात, म्हणून तो दिसतो. थर थोडे जाड-पातळ झाले की रंग पालटतो. अशा रंगावरून नाती जुळवली तर डोळे फसणारच!

बूकार्डीचा नवा वंश क्रिसुरोनिया. म्हणजे शेजार जांभळ्या-निळ्या डोक्याच्या, सोनेरी शेपटीच्या ओएनोने या जातीचा. दोघांना शेजारी ठेवताना हात अडखळला, इतके ते वेगळे दिसतात. एक सहकारी म्हणाला, सगळ्यांना एकाच मोठ्या वंशात घाला, कटकट मिटेल. मला ते मुळीच पटलं नाही. त्या ढिगात कोण कोणाच्या जवळचा हेच हरवेल.

वंशाचं नाव नमुना-जातीला, म्हणजे ज्या जातीवरून तो वंश ठरवला तिला, बांधलेलं असतं, म्हणून अमॅझिलिया हे नाव पेरू-इक्वेडोरच्या किनारी भागातल्या अमॅझिलिया अमॅझिलियाकडे आणि तिच्या खऱ्या भावकीकडे राहिलं. इतरांसाठी सॉसेरोटिया, पॉलिएराटा अशी अडगळीतली नावं पुन्हा बाहेर निघाली.

जुन्या लेबलाला आम्ही हात लावत नाही. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी बांधलं. संगणकात मात्र दोन्ही नावं ठेवली, कारण बूकार्डीवरचा जुना अभ्यास बहुतेक अमॅझिलिया या नावानंच आहे. खारफुटी वाचवायला निघालेल्या माणसाला तो अभ्यास सापडायलाच हवा.