आमची वाटचाल : कर्वेनगरच्या गाळ्यातून

२००४ साली पुण्याच्या कर्वेनगरात घरांच्या दलालीसाठी आठ बाय दहाचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे तीन वस्तू होत्या : बोहरी आळीतून आणलेला पाच मीटरचा स्टीलचा टेप, किल्ल्या टांगायला खिळे ठोकलेली प्लायची फळी आणि एक लांब वही. माझे भागीदार तलाठी म्हणून निवृत्त झालेले, माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. सातबारा हातात आला की ते आधी फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे, नंबर बघायचे, मालकाचं नाव नंतर. "नाव कुणाचंही असतं रे, ते तिथं आलं कसं ते बघ." कागद वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

टेपची सवय मात्र माझी. प्रत्येक फ्लॅट आत भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचो आणि वहीत मालकाच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहायचो. तेव्हा सगळा बाजार सेलेबलवर चालायचा, म्हणजे आतल्या जागेत जिना-लॉबीचा वाटा मिळवून सांगितलेल्या आकड्यावर; ही वाढ, म्हणजे लोडिंग, तीस-पस्तीस टक्के. १०५० चौरस फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट टेपवर ७९० भरायचा. हे पार्टीला, म्हणजे घर घेणाऱ्याला, तोंडावर सांगणारे आमच्या पट्ट्यात फार नव्हते. आज लेझरचं यंत्र आहे, तरी तो टेप टेबलाच्या खणात आहे.

पहिला सौदा बँकेतल्या एका काकांचा. डहाणूकर कॉलनीत रीसेलचा दोन बीएचके. एकोणीस फ्लॅट दाखवले, विसावा घेतला. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे किती माणसं पाठवली याचा हिशेब वहीत आहे; इथे देत बसत नाही. दहा वर्षं अशीच गेली. भागीदार थकले आणि गावी गेले.

२०१४ च्या उन्हाळ्यात वारज्यातला एक सौदा केला. कुटुंब चांगलं होतं, पहिलंच घर. दर भेटीला त्यांचा एकच प्रश्न, "काही अडचण नाही ना?" आणि माझं एकच उत्तर, "सगळं मी बघतो." इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, बघितला, सोसायटीची एनओसी आणली, शेअर सर्टिफिकेट तपासलं, थकबाकी भरून घेतली. पार्किंग राहिलं. विकणारा म्हणाला, खालची जागा माझीच, बारा वर्षं माझी गाडी तिथे लागते. सामान घेऊन मंडळी आली तेव्हा सोसायटी म्हणाली, पार्किंग चिठ्ठ्या टाकून ठरतं, यंदाच्या झाल्या. सामायिक पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१० चा. मला तो माहीत होता. तरी ती जागा खरंच त्याची आहे का, हे मी सोसायटीला विचारलं नाही. त्यांना वाटलं 'सगळं' म्हणजे सगळं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

माझ्या बाजूची एक टक्का दलाली मी पूर्ण परत केली. हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. कारण दोन गाळे सोडून एकाने नुकतंच ऑफिस थाटलं होतं. हा मुलगा आधी दोन वर्षं माझ्याच किल्ल्या घेऊन साईट दाखवत फिरायचा. जाताना माझ्या वहीतले मालकांचे नंबर उतरवून घेऊन गेला. पार्किंगची गोष्ट त्याने प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनपर्यंत पोचवली, दलाली परत केल्याचं तेवढं गाळलं, आणि 'ब्रोकरेज अर्धा टक्का' असा बोर्ड लावला. आठ महिन्यांत माझा एक सौदा झाला. दोन पार्ट्या मी दाखवलेल्या घरात डायरेक्ट गेल्या. गाळा सोडला आणि फळी घरी हॉलमध्ये टांगली. बायकोने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ते मला जास्त लागलं.

एका संध्याकाळी बँकेतले काका घरी आले. मुलीसाठी फ्लॅट बघायचा होता. चहा होईपर्यंत गप्प बसले, मग वही पुढे सरकवून म्हणाले, "तू काय करणार ते लिही. काय करणार नाहीस तेही लिही." मी लिहिलं : कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजून देईन. पार्किंगचं सोसायटीकडून लेखी आणीन. टायटलचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, वकील करेल, त्याची फी वेगळी. कर्ज मंजूर होईलच असं सांगणार नाही. विकणाऱ्याकडूनही दलाली घेत असेन तर पहिल्या दिवशी सांगेन. मी दाखवलेलं घर माझ्यामार्फतच घ्यायचं. खाली दोघांच्या सह्या केल्या. मुलीचं घर त्या कागदावर झालं आणि तेव्हापासून प्रत्येक पार्टीचं तसंच होतं. पुढे रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांचा कायदा, आला, नव्या प्रकल्पांसाठी एजंटची नोंदणी आली, २०२३ मध्ये परीक्षाही आली. ती दिली. गाळा परत घेतला, आता मोठा आहे.

घर घेणाऱ्यांना एक सांगतो. ८० लाख बजेट म्हणता तेव्हा ते कशाकशासकट, हे एजंटला आधी सांगा. पुण्यात पुरुषाच्या नावावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, बाईच्या नावावर ६, नोंदणीचे ३० हजार, वर दलाली. म्हणजे तुम्ही बघायचं घर ७३ लाखांचं. ८० ची घरं बघून तीन रविवार जातात आणि मग राग एजंटवर निघतो. आणि रात्री नऊला एकदा एकटे जाऊन या. पाण्याचा टँकर आणि पार्किंग तेव्हाच दिसतं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. डहाणूकर कॉलनीतला तो फ्लॅट आता त्यांची मुलगी विकते आहे. मागच्या महिन्यात ती किल्ली घेऊन आली. कागद सगळा वाचला आणि म्हणाली, "दादा, यात एक नाही. बाबांच्या घराची किल्ली तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही." मी ते पेनाने खाली लिहिलं. किल्ली जुन्या फळीवर पहिल्या खिळ्याला आहे.