दहा बाय दहाच्या खोलीत कुठला सिनेमा कॅमेरा?

स्वतःच्या खिशातून फिल्म करणाऱ्याने कुठला कॅमेरा घ्यावा यावर आमच्या ग्रुपात कायम दोन पार्ट्या पडतात, एक ब्लॅकमॅजिक पॉकेट ४केवाली आणि एक सोनी एफएक्स३०वाली, आणि ठाण्यात गडकरी रंगायतनसमोर चहाला उभे राहिलो की तलावपाळीला पूर्ण चक्कर मारून होते तरी वाद संपत नाही. डायनॅमिक रेंज (गडद आणि उजळ भाग एकाच वेळी किती टिपतो ते), कोडेक (फाइल दाबून साठवायची पद्धत), कलर सायन्स (रंग कसे येतात ते), सगळं निघतं. पण ज्या घरात शूट करायचंय ते घर केवढं आहे आणि सेटवर माणसं किती असणार हे आधी कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच की कळवा, नौपाडा, वर्तकनगर नाहीतर खाडीपलीकडे कोपरखैरणे, अशा ठिकाणी खऱ्या घरांत, खऱ्या जिन्यांवर फिल्म करायची असेल तर हे दोन प्रश्न पहिले, स्पेक शीट नंतर बघू.

आधी एक गोष्ट मान्य करूया, आपण फार चांगल्या काळात आलोय. ३५ एमएमचा हजार फुटी रोल जेमतेम ११ मिनिटं चालायचा, आणि तो धुवायला जाईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. २००८ला कॅननचा ५डी मार्क २ आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर फिल्म करता येते हे लोकांच्या डोक्यात बसलं, मग २०१२ला ब्लॅकमॅजिकने ३००० डॉलरच्या आत रॉ (कच्चं, नंतर हवं तसं बदलता येणारं चित्र) शूट करणारा कॅमेरा जाहीर केला, आणि २०१८ला पॉकेट ४के, किंमत १२९५ डॉलर, वर डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग आणि कलरच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स फुकट. एफएक्स३० आला २०२२ला, तेव्हा नुसती बॉडी १८०० डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडे ड्युटी, जीएसटी लागून आकडा वाढतो ते वेगळं, तरी एका नोकरदार माणसाला हप्त्यावर किंवा दोघातिघांना मिळून घेता येईल असे हे कॅमेरे आहेत आणि मला याचं खरंच अप्रूप वाटतं.

आता खोली. आपल्या बहुतेक कथा खोल्यांमध्ये घडतात, आणि ती खोली दहा बाय दहा किंवा फार तर दहा बाय बाराची, त्यात एक दिवाण, एक कपाट, एक टीव्ही. कॅमेरा भिंतीला टेकवला, मागे तुम्ही कसेबसे उभे राहिलात तरी लेन्सपासून नटापर्यंत आठ फूट मिळाले तर नशीब. आता हिशोब सोपा आहे, अंतर गुणिले सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या चिपची) रुंदी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा). पॉकेट ४केचा सेन्सर मायक्रो फोर थर्ड्स जातीचा, रुंदी साधारण १९ एमएम. २५ एमएमची लेन्स लावली तर आठ फुटांवर तुम्हाला सहा फूट रुंदीचं दृश्य दिसतं. एफएक्स३०चा सेन्सर सुपर ३५च्या, म्हणजे सिनेमाच्या फिल्मच्या, मापाचा, साधारण २३ एमएम, तीच लेन्स, तेच अंतर, आणि दिसतात जवळजवळ साडेसात फूट. हा दीड फूट म्हणजे दिवाणावर बसलेल्या दोघांच्या बाजूला दारात उभी असलेली आई फ्रेममध्ये येते की नाही एवढा फरक आहे. पॉकेटवाले म्हणतात स्पीड बूस्टर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारा अ‍ॅडॅप्टर) लाव, आणि बरोबर आहे, मेटाबोन्सचा ०.७१चा अ‍ॅडॅप्टर लावला की दृश्य रुंद होतं आणि एक स्टॉप उजेडही जास्त, म्हणजे दुप्पट, मिळतो, पण तो चांगला अ‍ॅडॅप्टर काही स्वस्त नाही, आणि मग १२९५ डॉलरवाला मुद्दाच मागे पडतो ना. वाइड लेन्स लावायची तर लावा, पण अगदी वाइडवर जवळ गेलं की नटाचं नाक मोठं दिसायला लागतं आणि कडेची भिंत ओढल्यासारखी होते, साध्या घरगुती सीनला ते मला अजिबात आवडत नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा. आमच्या शूटला बहुतेक वेळा कॅमेऱ्यामागे एक, बूम (माइकची काठी) धरायला एक, आणि तिसरा जो लाइट, उजेड परतवायचं थर्माकोल, चहा, शेजारच्या काकूंची समजूत हे सगळं बघतो. फोकस पुलर, म्हणजे फक्त फोकस सांभाळणारा माणूस, नसतोच. पॉकेटमध्ये कंटिन्युअस ऑटोफोकस (हलत्या माणसाच्या मागे आपोआप जाणारा) नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हादरे शोषायची सोय) नाही, म्हणजे कॅमेरा हातात घेऊन जिन्यावरून नटाच्या मागे जायचं तर एका हाताने फोकस, एका हाताने कॅमेरा, आणि तोल सांभाळायला तिसरा हात हवा. एफएक्स३०मध्ये डोळ्यावर लॉक होणारा ऑटोफोकस आहे आणि लोक समजतात तसा तो आंधळा नाहीये, एका माणसावरून दुसऱ्यावर फोकस किती हळू जाणार त्याचे सात टप्पे आहेत आणि मध्ये कोणी आडवं गेलं तर लगेच तिकडे उडी मारायची की नाही त्याचेही पाच. सीन बघून हे सेट करायचं आणि स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावायचं. आमच्यातला एक मित्र ठामपणे म्हणतो की फोकस ओढणं हा सुद्धा अभिनय आहे, तो यंत्रावर सोडू नये, आणि त्याचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण ते करायला एक रिकामा माणूस लागतो जो फक्त तेवढंच करेल. असा माणूस तुमच्याकडे असेल तर पॉकेटची ती पाच इंची स्क्रीन सोनीच्या तीन इंचीपेक्षा कितीतरी चांगली आहे, फोकस डोळ्याला स्पष्ट कळतो.

उजेडाचं बघायचं तर दोन्ही जवळपास सारखेच. पॉकेटचे दोन नेटिव्ह आयएसओ (उजेडाच्या संवेदनशीलतेचे मूळ टप्पे) ४०० आणि ३२००, एफएक्स३०चे लॉगमध्ये (नंतर रंग सुधारायला घेतलेल्या फिकट चित्रात) ८०० आणि २५००. रात्री राम मारुती रोडवर दुकानांच्या उजेडात दोन्ही छान चालतात, येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर दोन्हीही लाइट मागतात. तिथे सोनीचाच एफएक्स३ वेगळा पडतो, त्याचा वरचा बेस आयएसओ १२८००, पण तो दुप्पट पैशांचा कॅमेरा. एक गोष्ट मात्र कुठलाही कॅमेरा घ्या, लक्षात ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमला १८० डिग्री शटर (प्रत्येक फ्रेमचा अर्धा वेळ उघडं), आणि हट्टाने २४लाच शूट करायचं असेल तर १७२.८, म्हणजे दोन्हीकडे सेकंदाचा पन्नासावा भागच होतो. नाहीतर ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी, सोसायटीच्या पॅसेजमधले दिवे सगळे फ्रेममध्ये लुकलुकतात आणि ते एडिटला काढता काढता जीव जातो.

दुपारचं ऊन ही उलटी अडचण. कडक उन्हात, आयएसओ ८००, शटर पन्नासावा भाग आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ५.६ ठेवायचं तर साधारण सात स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी काळसर काच) लागतो, आणि या दोन्ही कॅमेऱ्यांत एनडी आतमध्ये नाही. पॉकेटला तर साधा एनडी लावला की काळे कपडे तपकिरी-लालसर दिसायला लागतात कारण इन्फ्रारेड आत शिरतं, त्याला आयआर कट असलेलाच घ्यावा लागतो. हे पैसे सुरुवातीच्या बजेटमध्ये कोणी धरतच नाही.

आता पॉकेटच्या बाजूने, आणि हे मी अगदी प्रेमाने लिहितोय. त्याच्या ब्लॅकमॅजिक रॉची इमेज मला सोनीपेक्षा जास्त आवडते. त्वचेचा रंग. आपली त्वचा सावळी, गव्हाळ, त्यात घामाची चमक, मागे पिस्ता किंवा आकाशी रंगाची ऑइलपेंट मारलेली भिंत, या मिश्रणाला रॉमध्ये जो श्वास मिळतो तो मिळतोच, व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, खिडकीतला उजेड परत खेचता येतो. आणि ग्रेडिंग (शूटनंतर रंग सुधारणं) शिकायचं असेल तर याच्यासारखी शाळा नाही. सेकंड हँड घेत असाल तर विकणाऱ्याकडे रिझॉल्व्हच्या लायसन्सची की आहे का आणि ती वापरलेली नाही ना हे आधी विचारा, तसंच यूएसबी-सी पोर्ट ढिला झालाय का तेही तिथेच केबल लावून बघा, कारण बहुतेक लोक त्यावरच एसएसडी (बाहेरची वेगवान डिस्क) लावून शूट करतात.

पण एसएसडी म्हटलं की पुढचा खर्च सुरू. ४के, ३० फ्रेम, ८:१ कॉम्प्रेशन, सेकंदाला साधारण ५१ एमबी, म्हणजे तासाला १८० जीबीच्या वर. ५:१ केलं तर २९० जीबी. सोनीत दहा बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारी फाइल), १४० मेगाबिटवर तासाला ६३ जीबीच्या आसपास. दोन दिवसांचं शूट, पाच-सहा तासांचं फुटेज आणि त्याच्या दोन कॉपी कराच (एक कॉपी म्हणजे कॉपी नसते), मग हार्ड डिस्कचा आकडा काढा. बॅटरीचंही तेच, पॉकेट कॅननवाली एलपी-ई६ खातो आणि एक बॅटरी तासभरही पुरत नाही, म्हणजे एकतर खिशात ढीगभर बॅटऱ्या नाहीतर व्ही-माउंट ही मोठी बॅटरी, व्ही-माउंट आला की केज (कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट) आला, केज आला की रिग (सगळं जोडलेला सांगाडा) आला, आणि जो कॅमेरा बॅगेत टाकून स्लो लोकलने न्यायचा होता त्याला रिक्षा लागायला लागते. सोनीचं मात्र एक, लाँग-जीओपीच्या (प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवणाऱ्या) त्या फाइल्स जुन्या लॅपटॉपवर अडखळतात, प्रॉक्सी (हलक्या कॉपी) बनवल्याशिवाय एडिटला बसूच नका.

पावसाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे जूनपासून चार महिने त्याचेच. पॉकेटच्या बॉडीला हवा खेळायला मोठ्या झडपा आहेत आणि पाण्यापासून संरक्षण असं काही नाही, एफएक्स३० धूळ आणि ओलाव्याला जरा बरा तोंड देतो. आणि लेन्सला बुरशी दोन्हीकडे लागते, हवाबंद डबा आणि सिलिका जेल आधी घ्या.

वाद तापला की कोणीतरी ‘द क्रिएटर’चं नाव काढतोच, २०२३चा हॉलिवूडचा मोठा पिक्चर एफएक्स३वर शूट झालाय, म्हणजे कॅमेरा महत्त्वाचा नाही. झालाय, खरं आहे. पण त्याचं बजेट ८ कोटी डॉलरच्या घरात होतं, लेन्सेस, लाइट, लोकेशन, व्हीएफएक्स सगळं त्या दर्जाचं होतं, आणि छोटा कॅमेरा त्यांनी खऱ्या लोकेशनवर चपळाईने हलता यावं म्हणून निवडला. त्यातला तो चपळाईचा भाग आपण जरूर उचलावा. परवानगी काढून प्लॅटफॉर्मवर किंवा मार्केटमध्ये उभे राहिलो तरी मोठा रिग दिसला की गर्दी जमते, आणि गर्दी जमली की त्या जागेचा खरेपणा गेला. एक मात्र लक्षात घ्या, धडधडत जाणारी फास्ट लोकल शूट कराल तर दोन्हींत डब्याच्या उभ्या रेषा तिरक्या होतील. त्यासाठी ग्लोबल शटर (सगळी फ्रेम एकदम टिपणारं) लागतं, रेडच्या कोमोडोत ते आहे, पण २०२०ला आला तेव्हा तोच ६००० डॉलरचा होता.

आणि भाड्याने घेणं? नक्की विचार करा. मोठी फिल्म, ठरलेले चार-पाच दिवस, हातात लॉक झालेली स्क्रिप्ट, तर अंधेरीहून चांगलं किट आणा, सोबत अटेंडंटही येतो आणि तो खूप काही शिकवून जातो. पण आमच्यासारखे लोक रविवारी सकाळी एक सीन करतात, नटाला सुट्टी मिळाली की दुसरा, पाऊस थांबला की तिसरा. अशा कामाला कॅमेरा घरात असावा लागतो, कपाट उघडलं की हाताला लागावा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. सेटवर दोन-तीनच माणसं, छोटी घरं, नॉन-अ‍ॅक्टर्स जे ठरवून दिलेल्या मार्कवर थांबत नाहीत, तर एफएक्स३०. फोकसला माणूस आहे, लाइट लावायला वेळ आहे, ग्रेडिंगची आवड आहे, तर सेकंड हँड पॉकेट, आणि पॉकेटचाच ६के परवडत असेल तर तो, कारण त्याचा सेन्सर सुपर ३५ आहे आणि खोलीचा प्रश्न बराचसा सुटतो. मी स्वतः पहिल्या गटातला, म्हणून इमेज पॉकेटची जास्त आवडत असूनही एफएक्स३०च्या बाजूने उभा राहतो.

शेवटी आवाज, कारण आपल्या फिल्म सगळ्यात जास्त तिथेच पडतात. कुकरची शिट्टी, पंखा, खालचा भाजीवाला, लांबून लोकलचा हॉर्न, आणि यातून नटाचं हळू बोललेलं वाक्य उचलायचंय. हे कॅमेऱ्यावर लावलेल्या माइकने होत नाही, कॅमेरा कितीचाही असो, माइक नटाच्या डोक्यावर हातभर अंतरावर पाहिजे. त्यामुळे एफएक्स३० घेणार असाल तर एक्सएलआर हँडल (व्यावसायिक माइक जोडायचं) नसलेली नुसती बॉडी घ्या, हँडलचे जे पैसे वाचतात त्यात झूम एफ३सारखा ३२ बिट फ्लोटचा छोटा रेकॉर्डर जवळपास येतो, त्यात नट अचानक ओरडला तरी आवाज फाटत नाही. आणि टेकच्या आधी पंखा, फ्रिज बंद करा, फ्रिजमध्ये आपल्या गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं लक्षात राहतं.