पंप खेचत नाही, फेकतो!

आज कोथरूडला आमच्या सोसायटीत अग्निशमनाचं मॉक ड्रिल झालं. पोरं शिडीकडे धावली, मी बंबाच्या पंपापाशीच रेंगाळलो. "हा पाणी खेचतो ना?" विचारलं, तर जवान हसला. "खेचत नाही काका, फेकतो!"

आत पात्यांची चकती गरगर फिरते, पाणी कडेला भिरकावलं जातं, मधला दाब उतरतो आणि बाहेरची हवाच विहिरीतलं पाणी वर ढकलते. म्हणून साधारण 7 मीटरपेक्षा खोल पाणी असलं की पंचाईत. पाइपात हवा राहिली तर पंप नुसताच घरघरतो. आधी ती काढायची, म्हणजे प्रायमिंग.

आमचे वॉचमनमामा दर मे महिन्यात मोटरीत तांब्याने पाणी ओततात. इतकी वर्षं मी त्याला तोडगा समजत होतो!