अर्जाला जोडलेली शॅडो फाइल

सकाळी ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्या मॅडमनी हाक मारली. "सर, हे बघा ना, अर्जाला काय जोडलंय!" ओळखपत्राच्या जागी एक फाइल होती, नाव नुसतं 'शॅडो'. उघडली तर ओळीमागून ओळ: युजरचं नाव, कोलन, मग डॉलरचं चिन्ह, ६, पुन्हा डॉलर आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ. मी त्यांना म्हटलं, बंद करा आणि कुणालाही फॉरवर्ड करू नका.

डॉलरमधला तो ६ म्हणजे पासवर्डचा एसएचए-५१२ हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला ठसा; त्याच्याशी ताडून पासवर्डचा अंदाज लावता येतो. आमच्या अर्जकक्षातल्या थिन क्लायंटवर, म्हणजे सर्व्हरच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या मशीनवर बसून कुणीतरी मशीनची पासवर्डची फाइलच अर्जाला जोडून पाठवली होती. यात हॅकिंग वगैरे काही नव्हतं. 'फाइल निवडा' हे बटण दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिथून इटीसी फोल्डरात जायचं आणि फाइलवर क्लिक करायचं, बस्स. शॅडो फाइल साध्या युजरला वाचता येत नाही. इथे वाचता आली, कारण ब्राउझर रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर म्हणून चालू होता.

या क्लायंटना डिस्क नाही. चालू झाले की नेटवर्कवरून पत्ता घेतात, सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल उतरवून घेतात, सर्व्हरवरची केवळ-वाचनीय इमेज, म्हणजे सिस्टिमची तयार प्रत, जोडतात, आणि जे काही लिहायचं ते रॅममध्ये लिहितात. आधीच्या कंत्राटदाराने ब्राउझर सुरू करायची ओळ मशीन चालू होताना चालणाऱ्या आरसी-डॉट-लोकल या स्क्रिप्टमध्ये टाकली होती. ती स्क्रिप्ट रूटच्या अधिकारात चालते, म्हणून तिने सुरू केलेलं सगळंच रूट. क्रोमियम हा ब्राउझर रूट म्हणून चालायला नकार देतो, म्हणून पुढे नो-सँडबॉक्स, म्हणजे त्याचं संरक्षक कुंपणच बंद. दार लागत नाही म्हणून बिजागरीच काढून ठेवल्यासारखं!

साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, रीस्टार्ट केलं की सगळं कोरं होतं. रूट असला तर बिघडलं काय?" लिहिण्यापुरतं हे खरं आहे. वाचलेलं मात्र रीस्टार्टने परत येत नाही. शिवाय इमेज सगळ्यांची एकच, तीही सर्व्हरच्याच सिस्टिमची नक्कल करून बनवलेली. म्हणजे त्या फाइलीतला रूटचा हॅश कक्षातल्या प्रत्येक मशीनचा आणि सर्व्हरचाही. एवढं ऐकल्यावर साहेबांनी कक्ष बंद ठेवायला परवानगी दिली.

पासवर्ड लगेच बदलले, इमेजमधलं रूटचं खातं लॉक केलं. मग इमेजमध्ये एक साधा युजर तयार करून त्याच ओळीच्या आधी 'एसयू' ही दुसऱ्या युजरच्या नावाने चालवणारी कमांड लावून पाहिलं. स्क्रीन काळी. लॉगमध्ये 'नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड'. स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर रूटने उघडलेला, त्याची किल्ली एक्स-ऑथॉरिटी फाइलीत रूटकडे, मग तो दुसऱ्या युजरला खिडकी कशाला उघडू देईल? यावर 'एक्सहोस्ट प्लस' हा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने स्क्रीन दिसते, पण ती सगळ्यांनाच खुली होते. मी तो वापरत नाही.

खरं दुखणं असं की एसयूने माणूस बदलतो, पण त्याचं लॉगिनचं सेशन तयार होतंच असं नाही. रन-युजरखाली त्या युजरचं फोल्डर लॉगिनच्या वेळी बनतं. ते नसेल तर टोकन पुकारणारा आवाजही येत नाही. म्हणून स्क्रिप्टमधली ती ओळ काढूनच टाकली. लॉगिनचा पडदा सांभाळणाऱ्या डिस्प्ले मॅनेजरला त्या युजरचं ऑटोलॉगिन दिलं आणि ब्राउझर त्याच्या ऑटोस्टार्टमध्ये ठेवला. बारकोड रीडरच्या प्रोग्रॅमला खिडकी लागत नाही. त्याची वेगळी, मागच्या मागे चालणारी सिस्टिमडी सर्व्हिस केली, तीत कुणाच्या नावाने चालायचं ते सांगणारी 'युजर' ही एक ओळ, आणि सीरियल पोर्टसाठी युजरला डायलआउट गटात घातलं. नो-सँडबॉक्स गेलं.

गंमत पुढे आहे. सर्व्हरवरच्या नोंदींच्या फोल्डरला ७७७ परवानगी दिलेली सापडली, म्हणजे कुणीही यावं, काहीही लिहावं. कारण शोधलं तर एनएफएसचं, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायच्या सोयीचं, रूट-स्क्वॉश. क्लायंटवरचा रूट सर्व्हरपाशी पोचला की त्याला 'नोबडी' धरलं जातं, त्याला तिथे कवडीची किंमत नाही. रूटला लिहिता येईना म्हणून कुणीतरी फोल्डर सताड उघडं टाकलेलं! नव्या युजरचा क्रमांक दोन्हीकडे सारखा ठेवला, फोल्डर त्याच्या मालकीचं केलं, परवानगी ७०० वर आणली. नोंदी मुकाट पडू लागल्या.

कक्ष उघडण्याआधी साहेब स्वतः खुर्चीत बसले आणि शॅडो जोडायला गेले. परवानगी नाही. मग त्यांनी शेजारची पासवर्ड नावाची फाइल जोडली, ती बिनतक्रार गेली. "हे काय, हे अजून जातंय की!" ती फाइल सगळ्यांना वाचता येतेच, यावीच लागते, पासवर्डच्या जागी तिथे नुसता एक्स असतो, हे त्यांना उघडून दाखवलं. त्यांना फारसं पटलं नाही. तेव्हा अर्जाच्या सर्व्हरवर फक्त पीडीएफ आणि फोटोच घ्यायची अट घातली. ती तशीही पहिल्यापासून हवी होती.