रस्त्याकडेची चार फूट माती

आमच्या गल्लीत फुटपाथ आणि डांबरी रस्ता यांच्या मधे मातीची एक पट्टी आहे. रुंदी जेमतेम चार फूट, लांबी सहा घरांएवढी. पूर्वी तिथे गवत, विटांचे तुकडे आणि उडून आलेल्या पिशव्या असायच्या. आता घेवडा आहे, टोमॅटो आहेत, टोकाला भोपळ्याचा वेल आहे. सहा घरं मिळून हे करतो, यंदा तिसरं वर्ष.

कल्पना आमची नाही. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून लोक पोलीस ठाण्यापुढे, रेल्वे स्टेशनवर भाज्या लावतात आणि कोणीही तोडून न्याव्यात असं सांगतात. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिन्ली यांनी २०१० साली घरापुढच्या अशाच पट्टीत भाज्या लावल्या, तर त्यांना नोटीस आली. लोक पाठीशी उभे राहिले आणि पुढे शहराने नियमच बदलला. हे वाचून मी ठरवलं, की कुदळ मारायच्या आधी परवानगी मागायची. ती मिळाली, पण झाडं लावायची नाहीत, खोल खणायचं नाही आणि वळणावर गाडीवाल्याला पलीकडचं दिसेल इतकंच वाढू द्यायचं, या अटींवर. खोल का नाही, ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. खालचा पाइप फुटला, दुरुस्तीवाले आले आणि फुलावर आलेला अर्धा घेवडा मातीच्या ढिगाखाली गेला. त्या संध्याकाळी मी खूप वेळ नुसती उभी होते.

पण खरा वाद झाला तो पालकावरून. समोरच्या घरातल्या आजींना पालकच हवा होता. मी नाही म्हटलं, आणि आजींना नाही म्हणणं मला फार जड गेलं. कारण शिसं. कित्येक वर्षं पेट्रोलमध्ये शिसं घालत. गाड्यांसाठी तसलं पेट्रोल विकणं जगातल्या शेवटच्या देशाने थांबवलं ते २०२१ मध्ये. धुरातून खाली बसलेलं शिसं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही, मातीच्या वरच्या थरात तसंच पडून राहतं. टोमॅटो, घेवडा, भोपळा यांच्या फळांत ते फार कमी उतरतं. पालेभाज्या आणि कंदमुळांत जास्त, शिवाय पानांच्या सुरकुत्यांत मातीच चिकटून घरात येते. मुलांच्या हातांनी तोंडात जाते ती वेगळीच.

"अगं, आम्ही जन्मभर मातीतलंच खाल्लं," आजी म्हणाल्या. आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

माती तपासायला दिली. पट्टीत सहा ठिकाणी खणून, सगळी एकत्र कालवून एक पिशवी. अहवालात शिसं होतं. फळभाज्यांना चालेल एवढं, पालेभाज्यांना नको एवढं. मग आम्ही फळ्यांचा एक उंच वाफा केला, तळाशी जाड कापड अंथरलं आणि बाहेरून आणलेली स्वच्छ माती नि कंपोस्ट भरलं. उंची कंबरेइतकी ठेवली, कारण आजींना वाकता येत नाही. आता त्या खुर्ची टाकून बसतात आणि बसल्या बसल्या पालक खुडतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून जुडी हातात देतात, ओळख असो-नसो.

पाण्याची पाळी मात्र मोडतच होती. एका घराचा एक दिवस, असं ठरवलं होतं. उन्हाळ्यात लागोपाठ दोन घरं गावाला गेली आणि टोमॅटोची रोपं मान टाकून पडली. आता एका दिवसाला दोन घरं असतात. दिवस बघून पाणी घालायचं नाही, आधी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर परत फिरायचं.

मला सगळ्यात आवडतो तो घेवडा काढायचा दिवस. गेल्या वेळी शेजारच्या मुलीला मुळं दाखवली. त्यांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी होत्या. तिने नखाने एक फोडली. आतून गुलाबी. "रक्त आहे का?" तिने विचारलं. रक्तात असतं तसंच एक द्रव्य त्या गाठीत असतं, त्याचा तो रंग. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देत होते. मग बाकीची झाडं आम्ही उपटली नाहीत. बुंध्याशी कापली आणि मुळं मातीतच कुजायला ठेवली. यंदा तिथेच टोमॅटो लावलेत.

त्या मुलीने फोडलेली गाठ मुठीत धरून आजींना नेऊन दाखवली. आजींनी चष्मा लावला, हात उजेडाकडे नेला आणि मला हाक मारली, "इकडे ये गं. माझ्या पालकाच्या मुळांनाही असं असतं का?"

नसतं. पण वाफ्याच्या कडेने पुढच्या वेळी थोडा घेवडा पेरायचं आम्ही ठरवलंय. बी त्यांनीच वाळवून ठेवलंय.